कुवेतमधलं धुळीचं वादळ: नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

कुवेतला रुजू होणाऱ्याला उन्हाबद्दल सगळे सावध करतात, धुळीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जुनी माणसं ‘तोज आलंय’, म्हणजे धुळीचं वादळ आलंय, म्हणतात, खिडक्या लावतात आणि आपापल्या कामाला लागतात. नव्या माणसाची मात्र पहिल्या वादळात तारांबळ उडते. घरात बसलेल्याला वादळाचा त्रास तसा बेताचाच होतो. जास्त त्रास होतो तो वारा पडल्यावर दारं-खिडक्या सताड उघडून कोरडा झाडू मारताना. म्हणून इथे नंतरच्या दोन दिवसांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

वादळ कोणत्या जातीचं आहे?

तयारी त्यावर ठरते, म्हणून हे आधी.

मार्चअखेरीपासून मेपर्यंत ‘सरायत’चा मोसम असतो. दुपारनंतर ढग जमतात, गडगडाट होतो, ढगातून खाली आदळलेली थंड हवा जमिनीवर पसरते आणि पुढे धुळीची भिंत ढकलत आणते. २५ मार्च २०११ ला, शुक्रवारी, अशीच भिंत शहरावर आली आणि दिवसाउजेडी काळोख झाला. या प्रकारात हाताशी मिनिटंच असतात. वादळ एक-दोन तासांत ओसरतं, पण पहिल्या झोताचा जोर भयंकर असतो. हा प्रकार मुंबईकरांना अगदीच अनोळखी नाही. १३ मे २०२४ ला गडगडाटी पावसाआधी असाच धुळीचा झोत आला होता आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जण गेले. तेव्हा सरायतमध्ये पहिली पंधरा मिनिटं धोका धुळीपेक्षा उडणाऱ्या वस्तूंचा: पत्रे, पाट्या, गॅलरीतल्या खुर्च्या, बांधकामावरचे प्लायवूड.

दुसरा प्रकार ‘शमाल’. हा वायव्येचा वारा इराकच्या तैग्रिस-युफ्रेटिस खोऱ्यातला गाळ उचलून आणतो. जून-जुलैत त्याचा जोर सर्वांत जास्त, पण मे महिन्यातही तो हिसका दाखवतो. मे २०२२ मध्ये १६ आणि २३ तारखेला धुळीमुळे कुवेत विमानतळावरची उड्डाणं काही काळ थांबवावी लागली होती. शमालचा अंदाज एक-दोन दिवस आधी मिळतो, मुक्काम मात्र दोन-तीन दिवसांचा किंवा त्याहून लांब असतो. वारा दिवसा चढतो आणि रात्री पडतो. बकाल्यातून (कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून) सामान आणणं, कचरा टाकणं ही कामं त्यामुळे पहाटे किंवा रात्री उशिरा उरकावीत.

अंदाजासाठी कुवेतच्या हवामान खात्याचा इशारा बघाच. जोडीला ‘विंडी’ अॅपमधला धुळीचा नकाशा किंवा बार्सिलोनाच्या प्रादेशिक धूळ केंद्राचा अंदाज बघा. दक्षिण इराकवर गडद पट्टा दिसला की खिडक्यांकडे वळा.

फोनवर दिसणारा हवेचा निर्देशांक इथे फसवतो. बरीच अॅप्स तो पीएम २.५ वरून, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या अगदी बारीक कणांवरून काढतात. वाळवंटी धुळीत मोठा वाटा त्याहून जाड कणांचा असतो, म्हणून पीएम १० चा (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा उघडून बघायचा. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा ४५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची १००. इथल्या मोठ्या वादळात हा आकडा हजारांत जातो. घरातल्या एअर प्युरिफायरवरच्या हिरव्या दिव्यावरही भिस्त ठेवू नका. त्यातला स्वस्तातला सेन्सर जाड कण नीट मोजत नाही. काळ्या टेबलावर बोट फिरवून बघणं जास्त खात्रीचं.

घरात आणून ठेवायचं सामान

मार्च उजाडायच्या आत हे घरात असावं. वादळाच्या दिवशी फार्मसीत मास्क मिळतीलच असं नाही.

- एन९५ किंवा एफएफपी२ मास्क, माणशी किमान पाच. तीन घड्यांच्या निळ्या सर्जिकल मास्कच्या कडांतून धूळ सरळ आत जाते.
- बाजूंनी बंद असलेला गॉगल, माणशी एक. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो.
- निळी पेंटर टेप, दोन रोल. पॅकिंगची खाकी टेप लावू नका. इथल्या उन्हात तिचा गोंद वितळतो आणि अॅल्युमिनियमवर कायमचा बसतो.
- फोमच्या चिकट पट्ट्या आणि दाराखाली बसवायची रबरी पट्टी.
- मायक्रोफायबरची दहा-बारा फडकी, दोन बादल्या, एक ओलं पुसायचा मॉप.
- सलाईनचा नाकाचा स्प्रे आणि डोळ्यांत घालायचे साधे अश्रू-थेंब.
- दम्याच्या माणसाचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी), शिवाय एक न फोडलेला जादा पंप. मुदत तपासून ठेवा.
- दोन दिवसांचं पिण्याचं पाणी, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक.

आई-बाबा व्हिजिट व्हिसावर येणार असतील तर त्यांची रोजची औषधं महिनाभराची जादा मागवा. भारतातल्या ब्रँडचं औषध इथे त्याच नावाने मिळेलच असं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव लिहून घेतलेलं बरं.

धूळ आत येते कुठून

खिडक्या घट्ट लावल्या तरी सकाळी गादीवर पिवळसर थर असतोच आणि प्रत्येक नवा माणूस घरमालकाच्या नावाने खडे फोडतो. इमारत जुनी असेलही, पण निम्मा दोष बहुधा आपल्या पंख्यांचा असतो. बाथरूमचा आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते आणि ती प्रत्येक फटीतून धूळ घेऊन येते. खात्री करून घ्यायची असेल तर टिश्यूची पट्टी मुख्य दाराच्या फटीशी धरा. पट्टी घराच्या आतल्या बाजूला झुकली, तर घर बाहेरची हवा ओढतंय. एक्झॉस्ट बंद करा आणि पुन्हा बघा. फरक डोळ्यांना दिसतो.

म्हणून पहिलं काम एक्झॉस्ट बंद करणं आणि त्यांची तोंडं झाकणं. बंद पंख्याच्या पात्यांमधूनही वारा शिरतो, तेव्हा जाळीवर प्लास्टिकचा कागद टेपने चिकटवा. कपडे वाळवायच्या मशीनचा पाइप बाहेर जात असेल तर तोही तसाच बंद करा आणि वादळभर मशीन लावू नका.

मग खिडक्या. इथल्या बहुतेक फ्लॅटमध्ये अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात. खालचा रूळ ओल्या फडक्याने पुसून जवळून बघा. दोन्ही टोकांना नखाएवढ्या आडव्या चिरा दिसतील. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्या ठेवलेल्या असतात आणि धूळ आत यायची मुख्य वाट तीच. फोमचे तुकडे कापून त्या चिरांत आतून दाबून बसवा. सिलिकॉनने कायमच्या मात्र बुजवू नका. सरायतमध्ये धुळीपाठोपाठ पाऊस येतो, चिरा बुजलेल्या असल्या तर रूळ भरून पाणी घरात उतरतं. पाऊस सुरू झाला की फोम काढायचा.

दोन्ही पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे केसाळ ब्रशची उभी पट्टी असते. चार-पाच उन्हाळ्यांत ती झडते. हारिसला (इमारतीच्या रखवालदाराला) सांगितलं तर तो बदलून देणारा माणूस आणून देतो. या एका पट्टीने जेवढा फरक पडतो तेवढा टेपच्या दोन रोलने पडत नाही.

दाराखाली ओला टॉवेल ठेवायचा असेल तर पिळून ठेवा, निथळता नको. इथल्या कोरड्या हवेत तो दोन-तीन तासांत वाळतो. वाळला की त्यातलीच धूळ उडते, म्हणून धुऊन पुन्हा ओला करायचा.

सगळं घर सांभाळायच्या फंदात पडू नका. एकच खोली निवडा, शक्यतो बाहेरची भिंत कमीत कमी असलेली. लहान मुलं, वयस्कर आणि दम्याची माणसं तिथे झोपतील. प्युरिफायर असेल तर तोही तिथेच. बारा बाय बारा फुटांच्या खोलीला त्याचा सीएडीआर (स्वच्छ हवा पुरवायचा वेग) तासाला निदान १६५ घनमीटर हवा, प्रत्यक्षात २५० च्या आसपासचा घ्या, कारण धुळीने फिल्टर झपाट्याने भरतो. बाहेरची जाळी वादळात रोज पुसावी लागते.

वादळाआधीच्या अर्ध्या तासात ही कामं याच क्रमाने उरका: गॅलरीतल्या कुंड्या, खुर्च्या आणि कपड्यांचा स्टँड आत घ्या, एक्झॉस्ट झाका, खिडक्यांचे फोम बसवा, गाद्यांवर आणि सोफ्यावर जुन्या चादरी टाका, भांड्यांचे रॅक झाका, बादलीभर पाणी भरून झाकून ठेवा, हारिसला गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघायला सांगा. सरायतमध्ये एवढा वेळ मिळत नाही. तेव्हा गॅलरी आणि खिडक्या, बाकी राहिलं तर राहू द्या.

वादळ चालू असताना

एसी बंद करू नका. पंचेचाळीस अंशांत बंद घरात एसीशिवाय बसणं धुळीपेक्षा घातक ठरेल. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याने बाहेरची धूळ येत नाही. खिडकीतल्या एसीला बाहेरची हवा घ्यायची एक छोटी खटकी असते, ती बंद आहे ना बघा. सेंट्रल एसी असेल आणि झरोक्यांतून धूळ पडताना दिसली, तर गच्चीवरचा ताज्या हवेचा झरोका उघडा असणार. तो हारिसकडूनच बंद करून घ्यावा लागतो.

एक्झॉस्ट बंद असल्याने स्वयंपाक बेताचा ठेवा. तळण नको, खमंग फोडण्या नकोत. कुकरमधली मुगाची खिचडी किंवा वरणभात अशा दिवशी उत्तम. उदबत्ती, धूप आणि इथल्या शेजाऱ्यांचा लाडका बखूर, या सगळ्यांना सुट्टी. बंद घरात धूर जिरायला जागा नसते आणि दम्याच्या माणसाला धूळ-धूर एकत्र फार जड जातात.

बाहेर पडावंच लागलं तर कॉन्टॅक्ट लेन्स काढा, गॉगल लावा आणि मास्कची नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवा. दाढी असेल तर कडा बसत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. एन९५ ओला करू नका, ओला मास्क श्वास कोंडतो. ओला रुमाल फक्त हाताशी दुसरं काहीच नसताना. डोळ्यात धूळ गेली तर चोळू नका, कण बुबुळावर ओरखडे काढतात. स्वच्छ पाण्याने धुवा.

बाहेरच्या कामावर असलेल्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट हवी. १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करायला इथे बंदी आहे, ती उन्हासाठी. धुळीत काम आपोआप थांबेलच असं धरून चालू नका. परांचीवर किंवा क्रेनखाली असाल आणि क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली तर फोरमनची वाट न बघता खाली उतरा, मग बोला. बाइकवरून डिलिव्हरी करणाऱ्यांनी पुलाखाली थांबू नये. तिथे आडोशाला गाड्याही घुसतात आणि मागून येणाऱ्याला माणूस दिसत नाही. पेट्रोल पंपाचं दुकान किंवा कुठल्याही इमारतीची लॉबी गाठा.

गाडीत सापडलात तर

सहावा-सातवा रिंग रोड, साल्मी, अब्दली, वफ्रा या उघड्या रस्त्यांवर दृश्यता क्षणात जाते. तिथला सर्वांत मोठा धोका मागून येणारी गाडी हाच. तिच्या चालकाला तुमचे लाल दिवे दिसतात, त्याला वाटतं रस्ता तिकडेच आहे आणि तो दिव्यांचा माग धरून सरळ येऊन आदळतो. म्हणून:

१. पुढे काही दिसत असेल तोवर वेग कमी करा, लो बीम आणि फॉग लाइट लावा. हाय बीम धुळीवरून परत डोळ्यांवर येतो. एसी ‘आतली हवा’वर ठेवा.

२. जवळ एक्झिट असेल तर बाहेर पडा. नसेल तर रस्ता सोडून जितकं उजवीकडे जाता येईल तितकं जा. पिवळ्या पट्टीच्या आत अर्धवट थांबणं सर्वांत वाईट.

३. पूर्ण थांबल्यावर हँडब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय काढा आणि हजार्डसकट सगळे दिवे बंद करा.

४. सीटबेल्ट लावूनच आत बसा. बाहेर उतरून व्हिडिओ काढू नका.

तिसरी पायरी इथल्या रीतीच्या उलट आहे. सगळे हजार्ड लावून चालवत असतात. पण रस्त्याबाहेर उभ्या गाडीचे दिवे दुसऱ्याला तुमच्यावरच ओढून आणतात. अपघात झाला किंवा कोणाला श्वास लागला तर नंबर ११२.

वारा पडल्यावर

वारा थांबला म्हणजे हवा साफ झाली असं नसतं. जाड वाळू लगेच खाली बसते, टाल्कम पावडरीसारखी बारीक धूळ मात्र पुढे कित्येक तास, कधी दिवसभर तरंगत राहते. आपल्या खिडकीतून लांबची एखादी उंच खूण ठरवून ठेवा. शहरात असाल तर ३७२ मीटरचा लिबरेशन टॉवर सोयीचा. त्याच्या कडा रेखीव दिसेपर्यंत खिडकी उघडायची नाही आणि साफसफाईही सुरू करायची नाही.

साफसफाईत पहिला नियम: कोरडं काहीही नको. केरसुणी नको, फडकं झटकणं नको. साधा व्हॅक्यूम तर अजिबात नको, कारण जाड धूळ तो पिशवीत ठेवतो आणि बारीक धूळ मागून खोलीत फेकतो. हेपा फिल्टरचा (बारीक धूळही अडवणारा) असेल तरच वापरा. मास्क लावून, मुलांना दुसऱ्या खोलीत बसवून कामाला लागा.

आधी एसी बंद करून त्याची जाळी काढा, कारण ती भरलेली असेल तर पुसलेल्या खोलीत एसी पुन्हा धूळ फेकतो. जाळी नळाखाली धरायची ती मागच्या बाजूने, म्हणजे धूळ आली तशी बाहेर पडते. गरम पाणी नको, प्लास्टिक वाकतं. सावलीत पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

मग छताचा पंखा. पात्यावर जुना ओलसर उशीचा अभ्रा चढवून ओढला की धूळ अभ्र्यातच राहते. त्यानंतर वरून खाली: कपाटाचा माथा, पडद्याचा दांडा, खिडकीचा रूळ, फर्निचर, शेवटी जमीन. टाकलेल्या चादरी घडी आत घालत गुंडाळून थेट मशीनमध्ये. गॅलरीत झटकल्या तर ती धूळ खालच्या मजल्यावरच्यांच्या घरात जाते आणि भांडण तुमच्या दारात येतं. जमीन दोनदा पुसा. पहिल्या हाताने फक्त चिखल फिरतो.

बादलीतलं पाणी सिंकमध्ये किंवा बाथरूमच्या जाळीत ओतू नका. ही धूळ म्हणजे बारीक गाळ, पाइपच्या वळणात बसतो आणि दोन-तीन वादळांत नळी तुंबते. बादली तासभर तशीच ठेवा, वरचं नितळ पाणी ओता आणि तळाचा चिखल पिशवीत भरून कचऱ्यात टाका. प्लंबरच्या फेरीचे दीनार वाचतील.

टीव्ही आणि लॅपटॉपवर ओलं फडकं नको. बंद करून मऊ ब्रशने झाडा, मग कोरड्या मायक्रोफायबरने हलकेच पुसा. तोंडाने फुंकर मारली तर लाळेचा ओलावा आणि धूळ मिळून सर्किटवर थर बसतो. फ्रिजच्या मागची जाळी बहुतेक जण विसरतात. फ्रिज जास्त आवाज करायला लागला की तिथे बघा.

एसीचा बाहेरचा भाग गॅलरीत असेल तर ब्रेकर पाडून बागेच्या नळीने हळू धारेत धुवा. जोराचा प्रेशर जेट मारला तर कागदाइतक्या पातळ पट्ट्या वाकतात, हवा अडते आणि दुरुस्ती महाग पडते. वादळानंतर दोन-तीन दिवसांनी ऐन दुपारी एसी आपोआप बंद पडू लागला, तर गॅस संपलाय असं सांगून गॅस भरणाऱ्याला पैसे देण्याआधी हा भाग धुऊन बघा. बहुतेक वेळा धुळीने गुदमरून तो उष्णता बाहेर टाकू शकत नसतो, म्हणून सुरक्षेसाठी बंद पडतो. गच्चीवरचा असेल तर स्वतः चढू नका, हारिसला सांगा. टाकीचं झाकण उडालं होतं का, हेही त्याला त्याच वेळी विचारा. नळाला गढूळ पाणी आलं तर टाकी धुवून घेतल्याशिवाय ते स्वयंपाकाला वापरू नका.

तब्येत

पहिले दोन दिवस घसा खवखवणं, डोळे चुरचुरणं, काळपट शेंबूड हे सगळ्यांनाच होतं. दिवसातून दोन-तीनदा सलाईनने नाक धुवा, झोपण्याआधी अंघोळ करून केस धुवा, नाहीतर रात्रभर उशीवरून तीच धूळ नाकात जाते. व्यायाम, मैदानावरचं क्रिकेट, मुलांचं खाली खेळणं दोन दिवस बंद.

दम्याच्या माणसाने डॉक्टरांनी लिहून दिलेली योजना वादळ यायच्या आधीच पुन्हा वाचावी आणि रोजचा पंप ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवू नये. निळा (लगेच आराम देणारा) पंप नेहमीपेक्षा वरचेवर लागतोय हीच धोक्याची पहिली खूण, त्याच दिवशी पॉलिक्लिनिक गाठा. पंप घेऊनही आराम नाही, एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ निळसर पडलेत किंवा लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जातेय, तर थेट ११२. ताप आला किंवा खोकला आठवड्याच्या पुढे लांबला तर सगळा दोष धुळीला देत बसू नका, तपासून घ्या.

गाडी

काचेवर सुका वायपर फिरवला की कायमचे ओरखडे. आधी बाटलीभर पाणी ओता, मग वायपर. इमारतीखाली बादली-फडकं घेऊन गाड्या पुसणाऱ्याला त्या दिवशी नको म्हणा किंवा आधी भरपूर पाणी मारायला सांगा, नाहीतर धुळीसकट फडकं रंगावर फिरतं. इंजिनाचा एअर फिल्टर उघडून बघा. आपटून झाडला की बारीक धूळ कागदात आणखी खोल जाते, फार भरला असेल तर नवा टाका. डॅशबोर्डच्या खणामागचा केबिन फिल्टरही त्याच वेळी बदला. आणि पुढचे दोन-तीन दिवस साल्मी-वफ्राकडे जाणार असाल तर वेग आवरा. वाऱ्याने रस्त्यावर आडवे वाळूचे पट्टे टाकलेले असतात, रात्री ते गाडी वर चढेपर्यंत दिसत नाहीत.